भुज-कोटी-कर्ण न्याय

भुज-कोटी-कर्ण न्याय हा काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंमधील संबंध सांगणारा भूमितीतील मूलभूत नियम आहे. शालेय गणितात तो पायथागोरसचे प्रमेय या नावाने शिकवला जातो. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, असे त्याचे विधान आहे. तीनपैकी कोणत्याही दोन बाजू ठाऊक असल्यास तिसरी बाजू या नियमाने काढता येते. एक बाजू व उरलेल्या दोन बाजूंची बेरीज किंवा वजाबाकी एवढेच ठाऊक असले, तरीही त्रिकोण पूर्णपणे सोडवता येतो. या दुसऱ्या प्रकारच्या उदाहरणांची पद्धतशीर मांडणी भास्कराचार्यांच्या लीलावती (इ.स. ११५०) या ग्रंथात आढळते.

संज्ञा

काटकोनासमोरील बाजूला कर्ण म्हणतात. ती त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू असते. काटकोन करणाऱ्या बाजूंपैकी एकीला भुज व तिच्यावर लंब असणाऱ्या दुसरीला कोटी म्हणतात. सामान्यतः आडव्या बाजूस भुज व उभ्या बाजूस कोटी म्हटले जात असले, तरी दोन्ही नावे अदलाबदल करून वापरल्यास नियमात फरक पडत नाही. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांत 'भुजा' हा शब्द बहुभुजाकृतीच्या कोणत्याही बाजूसाठी वापरतात, तर 'कर्ण' हा शब्द चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषाखंडासाठीही वापरतात. आयताचा कर्ण आयताचे दोन काटकोन त्रिकोणांत विभाजन करतो, त्यामुळे दोन्ही अर्थ परस्परांशी जोडलेले आहेत.

विधान व व्यत्यास

नियमाचे सूत्र पुढीलप्रमाणे मांडतात :

भुज² + कोटी² = कर्ण²

यावरून कर्ण = √(भुज² + कोटी²) आणि कोटी = √(कर्ण² − भुज²) ही दोन सूत्रे मिळतात.

या प्रमेयाचा व्यत्यासही सत्य आहे. त्रिकोणाच्या एका बाजूचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असेल, तर त्या दोन बाजूंमधील कोन काटकोन असतो. बाजू काढताना मूळ प्रमेय लागते, तर काटकोन तपासताना व्यत्यास लागतो. सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग इतर दोन वर्गांच्या बेरजेपेक्षा कमी असल्यास त्रिकोण लघुकोन असतो व जास्त असल्यास विशालकोन असतो.

इतिहास

हा संबंध पायथागोरसच्या (इ.स.पू. सहावे शतक) आधीपासून अनेक संस्कृतींना ठाऊक होता. बॅबिलोनियातील सुमारे इ.स.पू. १८०० च्या मृत्तिकापट्टिकांवर अशा त्रिकोणांच्या बाजूंचे आकडे आढळतात. भारतात यज्ञवेदींच्या रचनेसाठी लिहिलेल्या शुल्बसूत्रांत हा नियम येतो. आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जे क्षेत्रफळ निर्माण करते, ते लांबी व रुंदी यांनी वेगवेगळ्या निर्माण केलेल्या क्षेत्रफळांच्या बेरजेइतके असते, अशा आशयाचे विधान बौधायन शुल्बसूत्रात आहे. त्यासोबत ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४, १२ व ३५ आणि १५ व ३६ या बाजूंच्या जोड्याही दिलेल्या आहेत. ग्रीक परंपरेत युक्लिडने 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील ४७ वे विधान म्हणून त्याची तर्कशुद्ध सिद्धता दिली.

महाराष्ट्रातील परंपरा

भास्कराचार्य (जन्म इ.स. १११४) यांनी आपले गाव सह्य पर्वताजवळील विज्जडविड असल्याचे सांगितले आहे. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. त्याविषयीचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे असून तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५४५ मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली व तीत नियमांच्या उपपत्ती दिल्या. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी हेन्री कोलब्रूक यांचे भाषांतर आले.

पुण्यात या ग्रंथाचे अध्ययन आधुनिक काळातही चालू राहिले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या मराठी ग्रंथात भास्कराचार्यांच्या कार्याचा परामर्श घेतलेला आहे. आनंदाश्रम संस्थेने १९३७ मध्ये 'बुद्धिविलासिनी' व महीधराचे 'लीलावतीविवरण' या दोन टीकांसह लीलावती प्रकाशित केली. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' हे मराठी पुस्तक १९७१ मध्ये आले.

नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नारायण पेठेतील गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, हे लोकमान्य टिळकांचे निवासस्थान होते. टिळक हे डेक्कन कॉलेजातील गणिताचे पदवीधर होते व प्रा. केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचे गणिताचे गुरू होते. राजकीय जीवनात पूर्णपणे उतरण्यापूर्वी टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल (स्थापना १८८०) व फर्ग्युसन महाविद्यालय (स्थापना १८८५) येथे गणिताचे अध्यापन केले.

सिद्धता

समरूपतेवरून : काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकल्यास मूळ त्रिकोणाचे दोन लहान काटकोन त्रिकोण होतात. हे दोन्ही त्रिकोण परस्परांशी व मूळ त्रिकोणाशी समरूप असतात. त्यामुळे भुजाचा वर्ग हा कर्ण आणि कर्णाचा भुजेलगतचा खंड यांच्या गुणाकाराइतका येतो. तसेच कोटीचा वर्ग हा कर्ण आणि उरलेला खंड यांच्या गुणाकाराइतका येतो. दोन्ही समीकरणांची बेरीज केल्यास कर्णाच्या दोन खंडांची बेरीज म्हणजेच पूर्ण कर्ण असल्याने कर्णाचा वर्ग मिळतो. दहावीच्या वर्गात हीच सिद्धता शिकवतात.

क्षेत्रफळावरून : भास्कराचार्यांच्या बीजगणितातील उपपत्तीत एकाच मापाचे चार काटकोन त्रिकोण असे रचतात, की त्यांचे कर्ण एका मोठ्या चौरसाच्या चार बाजू होतात. मधोमध एक लहान चौरस उरतो व त्याची बाजू कोटी आणि भुज यांच्या वजाबाकीइतकी असते. मोठ्या चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे चार त्रिकोण व लहान चौरस यांची बेरीज होय. भुज १५ व कोटी २० घेतल्यास चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ २ × १५ × २० = ६०० आणि लहान चौरसाचे ५ × ५ = २५ होते. एकूण ६२५ हा कर्णाचा वर्ग, म्हणून कर्ण २५.

उदाहरणे सोडवण्याची रीत

काटकोन त्रिकोणावरील शाब्दिक उदाहरण सोडवताना पुढील क्रम उपयोगी पडतो.

१. कच्ची आकृती काढून काटकोन कोठे आहे ते निश्चित करावे. भिंत व जमीन, खांब व त्याची सावली, पूर्व व उत्तर दिशा ही काटकोनाची नेहमीची रूपे होत.
२. काटकोनासमोरील बाजू कर्ण म्हणून नोंदवावी.
३. दिलेली मापे एकाच एककात आणावीत.
४. अज्ञात बाजू कर्ण असल्यास वर्गांची बेरीज, अन्यथा कर्णाच्या वर्गातून दुसऱ्या बाजूच्या वर्गाची वजाबाकी करावी.
५. वर्गमूळ काढून उत्तर पडताळावे. कर्ण हा प्रत्येक बाजूपेक्षा मोठा, पण दोन्ही बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान आला पाहिजे.

लीलावतीतील पहिल्या उदाहरणात कोटी ४ व भुज ३ दिलेले असून कर्ण ५ येतो. त्यापुढच्या एका उदाहरणात भुज व कोटी दोन्ही ३¼ आहेत. येथे कर्णाचा वर्ग १६९/८ येतो व त्याचे पूर्ण वर्गमूळ मिळत नाही. अशा वेळी अंश व छेद यांचा गुणाकार १०,००० या मोठ्या वर्गसंख्येने गुणून वर्गमूळ घ्यावे व त्याला छेदाच्या १०० पटीने भागावे, अशी रीत भास्कराचार्य देतात. १६९ × ८ × १०,००० = १,३५,२०,००० याचे आसन्न वर्गमूळ ३,६७७ असून त्याला ८०० ने भागल्यास ४ ४७७/८००, म्हणजे सुमारे ४.५९६ हे उत्तर मिळते. ते चौथ्या दशांश स्थळाच्या आसपासपर्यंत अचूक आहे.

बेरीज किंवा वजाबाकी दिलेली उदाहरणे

कर्ण² − कोटी² = भुज² यातील डावी बाजू (कर्ण + कोटी) × (कर्ण − कोटी) अशी लिहिता येते. म्हणून भुज व कर्ण-कोटींची बेरीज ठाऊक असल्यास भुजाच्या वर्गाला बेरजेने भागून त्यांची वजाबाकी मिळते. वजाबाकी ठाऊक असल्यास त्याच रीतीने बेरीज मिळते. बेरीज व वजाबाकी हाती आल्यावर त्या दोहोंच्या बेरजेची निमपट म्हणजे कर्ण व फरकाची निमपट म्हणजे कोटी. या शेवटच्या पायरीला लीलावतीत संक्रमण म्हटले आहे. पुढील चारही प्रसिद्ध उदाहरणे एवढ्याच सूत्रावर सुटतात.

मोडलेला वेळू : ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मध्येच मोडून त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले. उभा उरलेला भाग कोटी व मोडलेला भाग कर्ण असून त्यांची बेरीज ३२ आहे. वजाबाकी १६² ÷ ३२ = ८. म्हणून कोटी (३२ − ८) ÷ २ = १२ हात. वेळू १२ हातांवर मोडला.

मोर व साप : ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे व खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येताना पाहून मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून गाठ पडण्याच्या जागेपर्यंतचे अंतर व मोराचा मार्ग यांची बेरीज २७ होते. वजाबाकी ८१ ÷ २७ = ३. म्हणून गाठ बिळापासून १२ हातांवर पडते.

तळ्यातील कमळ : पाण्याच्या वर अर्धा हात दिसणारे कमळ वाऱ्याने झुकून २ हातांवर पाण्यात बुडते. येथे पाण्याची खोली कोटी व देठासह कमळाची लांबी कर्ण असल्याने त्यांची वजाबाकी ½ हात आहे. बेरीज ४ ÷ ½ = ८. म्हणून खोली ३¾ हात व कमळाची लांबी ४¼ हात.

दोन वानरे : १०० हात उंच झाडावरून एक वानर खाली उतरून २०० हातांवरील विहिरीकडे जाते. दुसरे काही उंच उडी मारून तेथून कर्णमार्गे विहिरीवर येते व दोघांचे अंतर सारखेच, म्हणजे ३०० हात भरते. उडीची उंची व कर्ण यांची बेरीज ३०० असल्याने, झाडासह एकूण उंची व कर्ण यांची बेरीज ४०० होते. वजाबाकी २००² ÷ ४०० = १००. म्हणून एकूण उंची १५० व उडी ५० हात.

भुज व कोटी यांची बेरीज आणि कर्ण दिलेला असल्यास रीत थोडी बदलते. कर्णाच्या वर्गाच्या दुपटीतून बेरजेचा वर्ग वजा केल्यास भुज-कोटींच्या वजाबाकीचा वर्ग उरतो. कर्ण १७ व बेरीज २३ असताना ५७८ − ५२९ = ४९, म्हणून वजाबाकी ७ व बाजू १५ आणि ८.

सर्वच काटकोनी आकृत्यांत या नियमाची गरज नसते. १५ व १० हात उंचीच्या दोन वेळूंच्या टोकांपासून परस्परांच्या बुंध्यांपर्यंत बांधलेल्या दोऱ्या किती उंचीवर छेदतात, या लीलावतीतील प्रश्नाचे उत्तर समरूपतेने (१५ × १०) ÷ (१५ + १०) = ६ हात असे मिळते. त्यासाठी वेळूंमधील अंतरही लागत नाही.

काटकोन नसलेले त्रिकोण

तिन्ही बाजू ठाऊक असलेल्या कोणत्याही त्रिकोणात शिरोबिंदूतून पायावर लंब टाकल्यास दोन काटकोन त्रिकोण मिळतात. लंबाने केलेल्या पायाच्या दोन खंडांना आबाधा म्हणतात. दोन बाजूंच्या वर्गांच्या वजाबाकीला पायाने भागल्यास आबाधांमधील फरक मिळतो. पाया १४ व बाजू १३ आणि १५ असल्यास (२२५ − १६९) ÷ १४ = ४, म्हणून आबाधा ५ व ९, लंब √(१६९ − २५) = १२ आणि क्षेत्रफळ ८४ येते.

पाया ९ व बाजू १० आणि १७ असल्यास आबाधांचा फरक १८९ ÷ ९ = २१, म्हणजे पायापेक्षाही मोठा येतो व एक आबाधा −६ निघते. लंब पायाच्या बाहेर, उलट दिशेला पडतो, असा त्याचा अर्थ भास्कराचार्यांनी लावला आहे. लंब ८ व क्षेत्रफळ ३६ ही उत्तरे बरोबर येतात. वाकड्यातिकड्या मिळकतीचे त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढताना हीच रीत कामी येते.

पायथागोरसची त्रिकुटे

ज्या तीन नैसर्गिक संख्या या नियमात बसतात त्यांना पायथागोरसचे त्रिकुट म्हणतात. म व न या दोन नैसर्गिक संख्यांपैकी म मोठी असल्यास म² − न², २ × म × न आणि म² + न² या संख्या त्रिकुट बनवतात. (३, ४, ५), (५, १२, १३), (८, १५, १७) व (७, २४, २५) ही नेहमी लागणारी त्रिकुटे आहेत. एकच कर्ण अनेक त्रिकुटांत येऊ शकतो. कर्ण ६५ असताना बाजूंच्या (१६, ६३), (२५, ६०), (३३, ५६) व (३९, ५२) अशा चार जोड्या मिळतात.

व्यवहारातील उपयोग

पायाची आखणी : घराच्या पायाची आखणी करताना गवंडी दोरीने ३, ४ व ५ फुटांचा त्रिकोण करून काटकोन साधतात. लहान कोपऱ्यासाठी गुण्या पुरतो, परंतु लांब भिंतीसाठी तो अपुरा ठरतो. ३ व ४ फुटांवर खुणा करून कर्ण ५ फुटांऐवजी ४ फूट ११ इंच धरला गेला, तर कोपरा सुमारे २ अंशांनी चुकतो आणि ३० फूट लांबीच्या भिंतीचे दुसरे टोक सुमारे १ फुटाने सरकते. हीच एका इंचाची चूक ९, १२ व १५ फुटांच्या त्रिकोणात झाल्यास ३० फुटांवरील फरक सुमारे ४ इंचांवर येतो. म्हणून जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण घेणे हिताचे असते. नारायण पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीत दोन मिळकतींच्या भिंती लगोलग असतात. तेथे आखणीतला एक फूट शेजारच्या हद्दीत जाऊ शकतो.

खोलीचा चौकोनीपणा : समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या असून दोन्ही कर्णही सारखे भरल्यास खोली आयताकार असते. केवळ कर्ण सारखे असणे पुरेसे नाही, कारण समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्णही सारखे असतात.

शिडी : ६.५ मीटर लांबीची शिडी १.६ मीटर रुंदीच्या बोळात समोरच्या भिंतीच्या तळाशी पाय ठेवून लावल्यास ती √(४२.२५ − २.५६) = ६.३ मीटर उंचीवर टेकते. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका दूर असावा, या सुरक्षेच्या संकेतात ही मांडणी बसते. मोकळ्या जागी पाय २.५ मीटरवर ठेवल्यास शिडीचे टोक ६ मीटरवर येते. पाय ९० सेंटिमीटर सरकूनही टोक केवळ ३० सेंटिमीटर उतरते, पण शिडी घसरण्याचा धोका बराच वाढतो. रुंद बोळात पाय न हलवता शिडी एका भिंतीवर ६.३ मीटर व दुसऱ्या भिंतीवर ५.६ मीटर उंचीला टेकत असेल, तर पायापासून भिंती १.६ व ३.३ मीटर दूर असतात आणि बोळाची रुंदी ४.९ मीटर निघते.

उतरते छप्पर : २४ फूट रुंदीच्या घराचे आढे भिंतींच्या माथ्यापासून ५ फूट उंच असल्यास प्रत्येक बाजूच्या वाशाची लांबी √(१२² + ५²) = १३ फूट येते. वळचणीसाठी बाहेर काढायची लांबी त्यात वेगळी मिळवावी लागते.

नेहमी होणाऱ्या चुका

• काटकोन आहे याची खात्री न करता नियम लावणे. आकृतीत कोन काटकोनासारखा दिसणे हा पुरावा नव्हे.
• √(भुज² + कोटी²) हे भुज + कोटी एवढेच मानणे. बाजू ३ व ४ असताना कर्ण ५ असतो, ७ नव्हे.
• दिलेली मोठी बाजू कर्ण असतानाही वर्गांची बेरीज करणे.
• फूट व इंच दशांशात चुकीचे लिहिणे. ४ फूट ६ इंच म्हणजे ४.५ फूट, ४.६ नव्हे.
• मधल्या पायरीतच वर्गमूळ गोळाबेरीज करून पुढील आकडेमोड करणे.
• मूळ प्रमेय व व्यत्यास यांची गल्लत करणे.

शालेय अभ्यासक्रम

महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता दहावीच्या गणित भाग २ (भूमिती) या पाठ्यपुस्तकात 'पायथागोरसचे प्रमेय' हे दुसरे प्रकरण आहे. समरूपतेच्या पहिल्या प्रकरणानंतर ते येत असल्याने प्रमेयाची सिद्धता समरूप त्रिकोणांवरून दिली जाते. गुणोत्तर मध्याचा गुणधर्म, त्रिकुटे, ३०-६०-९० अंशांच्या त्रिकोणाचा गुणधर्म व अपोलोनियसचे प्रमेय हे भागही या प्रकरणात आहेत. पुढे निर्देशक भूमितीतील अंतराचे सूत्र आणि त्रिकोणमितीतील नित्य समानता याच नियमावर उभ्या आहेत.

हे सुद्धा पहा

• बौधायन
• भास्कराचार्य
• लीलावती (ग्रंथ)
• अपोलोनियसचे प्रमेय
• त्रिकोणमिती
• नारायण पेठ, पुणे